मदत हवी आहे: पावसाळ्यात पुदिना काळा न पडता वाळवायचा कसा?

नमस्कार मंडळी, आम्ही खानापूरचे. सध्या पावसात घरात कपडेसुद्धा वाळत नाहीत आणि कुंडीतला पुदिना असा माजलाय की सारखा छाटावा लागतो. ताकात, चटणीत घालून, शेजारी वाटून पण उरतोच, म्हणून पावडर करून ठेवायची आहे, उन्हाळ्यात मठ्ठ्याला आणि पोट डब्ब झालं की काळं मीठ-जिऱ्यासोबत गरम पाण्यातून घ्यायला. (आईला छातीत जळजळीचा त्रास आहे, पुदिन्याने ती उलट वाढू शकते म्हणून तिला देत नाही.)

पानं धुवून सुती कापडावर फॅनखाली पसरली तर कडा काळ्या, देठाजवळ दमटच, वर कुबट वास. मंद तव्यावर थोडी हिरवी राहिली पण वासच उडाला, चुरगळून नाकाशी धरलं तर नुसतं गवत. न धुता वाळवायला मन होत नाही, पावसाने माती उडून खालची पानं पार बरबटलेली असतात. ओव्हन, मायक्रोवेव्ह नाही. फ्रिज आहे पण लाईट सारखी जाते, त्यामुळे बर्फाचे क्यूब करून ठेवायचा उपाय आमच्या कामाचा नाही.

चूल मात्र रोज पेटते. तिच्यापासून जरा लांब, वरच्या बाजूला जुड्या उलट्या टांगल्या तर चालेल का, की धुराचा वास लागेल? आणि धुतल्यावर पानं देठासकट टांगायची की खुडून पसरायची? आपल्या खानापूर, जांबोटी, चंदगडकडच्या पावसात कुणी हे जमवलंय का?