महाग ध्यान कोण विकत घेतं?

'श्रीमंत माणूस महागड्या ध्यानशिबिराला (रिट्रीटला) स्वतःच्या खिशातून पैसे देतोय, तुमच्या पोटात का दुखतं?' हा सवाल रास्त आहे. पोटात दुखत नाही, पण नक्की काय विकलं जातंय ते बघायला हवं.

गोएंका परंपरेच्या विपश्यना ध्यानशिबिरात दहा दिवस राहणं-जेवण फुकट. देणगीही ज्यानं किमान एक शिबिर पूर्ण केलंय त्याच्याकडूनच घेतात. पहाटे चारला घंटा, मौन, फोन जमा. महागड्या रिट्रीटमध्येही फोन जमाच करतात, फक्त तिथे त्याला 'डिजिटल डिटॉक्स' म्हणतात आणि पाकिटावर सोनेरी लोगो असतो!

हार्वर्डच्या डॉ. हर्बर्ट बेन्सननं १९७०च्या दशकातच दाखवलं होतं की शांत बसून कुठलाही साधा शब्द मनात घोळवत राहिलं तरी श्वास आणि नाडी मंदावते. म्हणजे महागड्या ठिकाणी मिळणारा 'फक्त तुमच्यासाठी निवडलेला मंत्र' याची किंमत मंत्रात नाही, 'फक्त तुमच्यासाठी' या शब्दांत आहे.

अशा ठिकाणचा फॉर्म वाचा कधीतरी. झोप लागते का, हे शेवटी विचारतात. हुद्दा आणि कंपनी आधी. कारण शांततेइतकीच ओळखीपाळखीही विकायची असते. बरं, एवढे पैसे मोजल्यावर 'काही फरक पडला नाही' असं कोण कबूल करणार? तो पुढच्या 'लेव्हल'ला नाव नोंदवतो.

शिक्षकानं मानधन घेऊ नये असं मी म्हणत नाही, त्यालाही घर आहे. पण 'नैराश्य बरं होईल, गोळ्या सोडा' असं सांगितलं की तो निव्वळ धंदा राहत नाही. तिथे मात्र माझ्या पोटात दुखतं.