गाव सोडून कमावलेला पैसा घरी पोचेपर्यंत कुठे गळतो?

धागाकर्ती: ऊसतोड असो, पुण्याची कंपनी असो की आखात. घरी नेमकं किती येतं आणि मधे कुठं जातं? रडगाणं नको, हिशेब लिहा.

वडवणीकर: ऊसतोडीत घरी पैसा पाठवायचा नसतोच, उचल, म्हणजे मुकादमाकडची आगाऊ रक्कम, दिवाळीआधीच घेऊन खर्चून झालेली असते. म्हणून हिशेब उलटा मांडा. जानेवारी 2024 च्या करारात तोडणीचा दर टनाला 273 वरून 366 रुपये झाला. एका कोयत्यावर, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीवर, लाखाची उचल असेल तर ती फिटायला 273 टन ऊस तोडावा लागतो (आकडा जुन्या दराचाच निघाला, योगायोग). दिवसाला दोन टन धरले तरी 137 दिवस, तेही एकही खाडा न करता. पाऊस, ताप, गाडीची वाट बघण्यात गेलेला दिवस यात धरलेलाच नाही. कारखाना चार महिन्यांत बंद झाला की बाकी पुढच्या हंगामावर चढते. आठवड्याची खर्चीसुद्धा (खाण्यापिण्याला मिळणारे पैसे) त्याच बाकीत धरतात, हे लई जण विसरतात. वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, चाऱ्याला विकून रोख येते. किराणा त्यात भागवला तर खर्ची कमी उचलावी लागते.

परळीची: दादा, वहीचं राहिलं. खेप गेली की तारीख, गाडी नंबर आणि काट्याचं वजन त्याच दिवशी लिहायचं, पावतीचा फोटो काढायचा. वजन टोळीत वाटून घेतात, म्हणून त्या दिवशी किती कोयते कामावर होते तेही लिहा. पट्टी, म्हणजे कामाचा हिशेब होताना भांडण तिथंच होतं. कोऱ्या मुद्रांकावर अंगठा तर अजिबात नको.

परभणीकर: रेशन हाही पैसाच आहे. प्राधान्य कार्डावर माणशी महिन्याला 5 किलो. जिथं गेलात तिथल्या दुकानात अंगठा लावून धान्य मिळतं. पण तिथं सगळा कोटा उचलला तर गावातल्या म्हाताऱ्यांना त्या महिन्यात काही उरत नाही. आपल्या वाट्याचंच उचला. जाण्याआधी घरातल्या सगळ्यांची ई-केवायसी उरकून घ्या.

नांदेडचा भाईजान: आखाताचं. परवानाधारक एजंटाला सेवाशुल्क 30,000 रुपयांपर्यंतच घेता येतं, वर 18 टक्के जीएसटी, म्हणजे जास्तीत जास्त 35,400. परवाना सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर तपासा. दहावी न झालेल्याच्या पासपोर्टवर ईसीआर (कामाला जाण्याआधी सरकारी मंजुरी लागते, असा शेरा) येतो. त्याला प्रवासी भारतीय बीमा योजना लागते. दोन वर्षांचे 275 रुपये, 10 लाखांचं कवच. पैसे पाठवताना ‘फी शून्य’ बघून भुलू नका, दर बघा. दिरहमामागे 40 पैसे कमी मिळाले तर हजार दिरहमांवर 400 रुपये गेले.

धागाकर्ती: आणि खातं कोणतं?

नांदेडचा भाईजान: ताई, तिथली कमाई एनआरई खात्यात (परदेशातल्या कमाईसाठीचं अनिवासी भारतीयांचं खातं), त्याच्या व्याजावर इथं कर नाही. गावचं जुनं बचत खातं तसंच चालवता येत नाही, बँकेला कळवून एनआरओ (इथल्या पैशांसाठीचं अनिवासी खातं) करावं लागतं. घरच्यांना एटीएम कार्ड देऊन टाकण्यापेक्षा दरमहा ठरलेली रक्कम आईच्या किंवा बायकोच्या खात्यात वळती करा.