मदत हवी आहे : वडिलांना ट्रायलमध्ये घालावं का? सोमवारी सही मागितलीय

गोदाकाठ
नमस्कार. सोमवारी सही करायचीय, म्हणून लवकर सांगा. डॉक्टर म्हणायलेत, एका औषधाची ट्रायल चालू आहे, अण्णांचं नाव घालतो, सगळं फुकट होईल, जाण्या-येण्याचे पैसेही मिळतील. काका म्हणायलेत माणसावर प्रयोग करतेत, सही करू नको. आई म्हणते डॉक्टर सांगतेत तर करून टाक. मला काहीच कळंना गेलंय. कुणाच्या घरी झालंय का असं? करावं का नाही, एवढंच सांगा. जास्त लिहायला वेळ नाही, ऊसतोडीची टोळी दारात येऊन बसलीय.

लातूरची_सून
भाऊ, आजार कोणता ते लिहायचंच राहिलं की. वय किती? कसलं औषध? गोळी, इंजेक्शन का आणखी काही?

बालाघाट
काका बरोबर सांगतायत. फुकट म्हटलं की आपला माणूस मागचापुढचा विचार करत नाही.

गोदाकाठ
शुगर आहे हो. पायाची जखम. लिहिलं नाही का मी वर? मलम आहे, जखमेवर लावायचं.

निवृत्त_औषधवाला
नाही लिहिलंत. असो. औषध कंपनीत एकोणतीस वर्षं काढली, त्यातली बरीच याच कामात, म्हणून सांगतो. "करावं का नाही" याचं उत्तर इथं कुणालाच देता येणार नाही. पण सोमवारच्या आत तुम्ही काय बघायचं, ते सांगतो.

पहिलं म्हणजे नोंदणी. आपल्याकडे सीटीआरआय म्हणून सरकारी नोंदवही आहे, 2007 पासून. जून 2009 पासून ट्रायलची नोंद तिथं करणं सक्तीचं आहे. डॉक्टरांकडून नोंदणी क्रमांक घ्या आणि संकेतस्थळावर टाका. कंपनी कोण, टप्पा कोणता, कोणकोणत्या दवाखान्यांत चालू आहे, एथिक्स कमिटीने, म्हणजे रुग्णांचं हित बघणाऱ्या समितीने, मंजुरी दिलीय का, सगळं दिसतं. तुमचा दवाखाना त्या यादीत नसेल तर उठून घरी या.

दुसरं, माहितीपत्रक. ते मराठीत मागा. सही केलेल्या कागदाची एक प्रत तुम्हाला देणं त्यांना बंधनकारक आहे. अण्णांना वाचता येत नसेल तर दवाखान्याशी संबंध नसलेला एक साक्षीदार समोर हवा. आणि सही अण्णांची, तुमची नव्हे. धाग्यात अण्णा काय म्हणतात ते कुठेच आलं नाही, हे माझ्या लक्षात आलंय.

गोदाकाठ
अण्णा काही म्हणत नाहीत, तुम्ही ठरवा म्हणतात. कागद इंग्रजीत आहेत, अठरा पानं. प्रत दिली नाही, सोमवारी तिथंच वाचा म्हणाले.

बालाघाट
झालं! हेच म्हणत होतो मी. आणि सहीचा व्हिडिओ काढतात म्हणे, म्हणजे उद्या कोर्टात तुमच्याच विरोधात दाखवायला.

निवृत्त_औषधवाला
उलटं आहे साहेब. ते रेकॉर्डिंग रुग्णाच्या बाजूचं आहे, त्याला नीट समजावलं की नाही याचा पुरावा. आणि सरसकट सगळ्यांचं करत नाहीत. नवीन रेणूच्या, म्हणजे अगदी नव्या औषधाच्या ट्रायलमध्ये, त्यातही जे दबावाला बळी पडू शकतात अशांचं. अर्धवट माहितीवर लोकांना घाबरवू नका.

बालाघाट
कंपनीचं मीठ खाल्लंय तुम्ही, तुम्ही असंच बोलणार. माणूस मेला तर काय?

निवृत्त_औषधवाला
ट्रायलच्या 2019 च्या सरकारी नियमांत तेही आहे. ट्रायलमुळे इजा झाली तर उपचार फुकट, गरज असेल तोवर. गंभीर काही घडलं तर डॉक्टरला 24 तासांत वर कळवावं लागतं. मृत्यू झाल्यास भरपाईचं सूत्र आहे : मूळ रक्कम 8 लाख, तिला वयाचा आणि रुग्ण मुळात किती आजारी होता याचा गुणक. वय वाढेल तसा आकडा उतरतो. हे मला कधी पटलं नाही, पण आहे ते आहे.

सोनचाफा
माफ करा, विषयाला सोडून विचारते. मुलीचं बी. फार्म. झालंय, क्लिनिकल रिसर्चचा डिप्लोमा करावा म्हणते. छत्रपती संभाजीनगरला नोकऱ्या आहेत का त्यात, की पुण्यालाच जावं लागेल?

वैद्यकट्टा
पायाच्या जखमेला ट्रायल कशाला हवी? आमच्या मामांची जखम जात्यादी तेल आणि मधाने दीड महिन्यात भरली. वर कडुनिंबाच्या काढ्याने धुवा. मलमाबिलमाच्या नादी लागू नका.

लातूरची_सून
मी सर्जरीच्या वॉर्डात नर्स आहे. तेल लावून, मध लावून आलेले पाय रोज बघते. कुणाची भरतही असेल, पण ज्यांची भरत नाही त्यांची बोटं काढायला लागतात, ते लोक इथं लिहायला येत नाहीत. गोदाकाठ भाऊ, जखम कधीची? पायात रक्त नीट जातंय का हे डॉपलरवर बघितलंय का? पायाला चटका बसलेला, टोचलेलं कळतं का अण्णांना? आणि ट्रायलमध्ये साधं ड्रेसिंग, मेलेलं मांस काढणं, पायावर भार येऊ न देणं हे चालू राहणार आहे का? मलमापेक्षा हे मोठं आहे.

गोदाकाठ
पोळ्याला बैल धुताना नदीत काच घुसली. त्यांना कळलंच नाही, दोन दिवसांनी चपलेला रक्त दिसलं तेव्हा आईने बघितलं. डॉपलर झालंय, रक्त ठीक आहे म्हणाले. पण ताई, मलम खोटं निघालं तर? डॉक्टर म्हणाले, अर्ध्यांना खरं औषध, अर्ध्यांना बिनऔषधाचं, कुणाला कोणतं ते त्यांनाही माहीत नसतं. म्हणजे चिठ्ठ्याच की.

लातूरची_सून
चिठ्ठ्याच. संगणक काढतो. पण ड्रेसिंग दोघांनाही होतं, उघडी जखम ठेवून कुणी बसत नाही. तेच माहितीपत्रकात शोधा.

तेरणाकाठ
बिनऔषधाचा गट म्हटलं की आम्हा धाराशिवकरांना जुनी गोष्ट आठवते. 1999 पासून आमच्या जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची मोठी ट्रायल झाली होती. टाटा हॉस्पिटल, बार्शीचं नर्गिस दत्त हॉस्पिटल आणि जागतिक आरोग्य संघटनेची फ्रान्समधली कॅन्सर संशोधन संस्था. 30 ते 59 वयाच्या 1,31,746 बाया. गावांचे गट पाडले : कुठे एचपीव्हीची (हा कॅन्सर ज्याने होतो त्या विषाणूची) तपासणी, कुठे पॅप (गर्भाशयमुखाच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली बघणं), कुठे व्हिनेगर लावून बघणं, आणि एका गटाला तपासणीच नाही. 2009 ला निकाल आला. एचपीव्हीच्या गटात कॅन्सरने 34 मृत्यू, बिनतपासणीच्या गटात 64. एकदाच केलेल्या तपासणीने मरणं जवळपास निम्म्यावर आली. आज जगभर त्या तपासणीची शिफारस होते, त्यामागे आमच्या कळंब-परंड्याकडच्या बायांचं रक्त-पाणी आहे.

माझी आत्या बिनतपासणीच्या गावातली. तिला काही झालं नाही. पण ते 64 मी विसरू शकत नाही.

बालाघाट
मग? मी काय वेगळं म्हणतोय?

तेरणाकाठ
तुम्ही म्हणताय ट्रायलच नको. मी म्हणतोय, त्या बायांना तेव्हा नुसती माहिती दिली, तपासणी नाही, कारण तेव्हा सरकारी दवाखान्यातही कुणाचीच होत नव्हती. "इथं असंही काही मिळत नाही" हे कारण मला पुरेसं वाटत नाही. पण ट्रायल झालीच नसती तर तेही कळलं नसतं. दोन्ही एकदम खरं असू शकतं हो.

निवृत्त_औषधवाला
यावर वेगळा धागा काढा. गोदाकाठ, एक राहिलं. अण्णा सध्या कोणकोणती औषधं घेतात?

गोदाकाठ
शुगरच्या दोन गोळ्या, इन्सुलिन रात्री. बाकी काही नाही. परळीच्या वैद्याचा काढा तेवढा, पण तो सगळेच घेतात. आणि रात्री आई हळद-तेल लावते पट्टी काढून, सकाळी परत बांधते.

लातूरची_सून
भाऊ!! हे पहिल्या ओळीत यायला हवं होतं. डॉक्टरांना सांगितलंय का?

गोदाकाठ
त्यांनी विचारलं दुसरं काही औषध चालू आहे का. अण्णा नाही म्हणाले. काढ्याला कुणी औषध म्हणतं का?

निवृत्त_औषधवाला
ट्रायलवाले म्हणतात. काढ्याने शुगर अचानक उतरली तर ते मलमाच्या खात्यावर लिहिलं जाईल, आणि अण्णांना रात्री घाम फुटून चक्कर आली तर कारण कुणालाच सापडणार नाही. आधी हे सांगा. सही नंतर.

वैद्यकट्टा
हळद-तेल बंद करू नका एवढंच सांगेन.

गोदाकाठ
(मंगळवार) उशिरा लिहितोय, टोळीच्या गडबडीत होतो. नोंदणी क्रमांक मागितला तर तिथल्या मॅडमनी लगेच दिला, दवाखान्याचं नाव यादीत आहे, तिसरा टप्पा. मराठी कागद कपाटातच होते, कुणी मागितले नव्हते म्हणे. साक्षीदार म्हणून शाळेचे गुरुजी आले. त्यांनी अख्खं मोठ्यांदा वाचलं, दोन तास लागले, अण्णा मधे एकदा झोपले. ड्रेसिंग दोघांनाही आहे, आणि कधीही सोडता येतं, सोडलं तरी नेहमीचा उपचार बंद होत नाही असं लिहिलंय. मग काढ्याचं आणि हळदीचं सांगितलं. मॅडमनी पान उलटून दाखवलं : महिनाभरात जखमेवर दुसरं काही लावलं असेल तर घेता येत नाही. आता सगळं बंद करून महिन्याने परत यायचं, तोवर तिथंच आठवड्यातून दोनदा ड्रेसिंग आणि पायाला प्लास्टरसारखं बांधून दिलंय. त्याचे पैसे मात्र आपले. फुले योजनेत बसतं का ते विचारायचंय.

आई रुसलीय. अण्णांनी गाडीत बसल्यावर पहिल्यांदा तोंड उघडलं, म्हणाले, मलम खरं असो का खोटं, मला आधी चालायला येऊ द्या.

आणि काका म्हणायलेत, आपल्याला काऊन घेत नाहीत, वरून कुणाचा फोन लावू का.

सोनचाफा
अभिनंदन. माझ्या मुलीच्या डिप्लोमाचं कुणी सांगेल का?