एएमवरची स्पॅनिश गाणी: श्रोते गेले की पट्टाच सुटला?

लहरी
'अमेरिकेतल्या लॅटिनो पोरांना स्पॅनिश गाणी नकोत, म्हणून एएमवरची (मीडियम वेव्हवरची) संगीत रेडिओ केंद्रं बंद पडताहेत' असं काल इथे कुणी ठोकून दिलंय. साफ चूक. लॉस एंजेलिसचं केएलएएक्स १९९२ मध्ये बांदा (मेक्सिकोचं ट्रम्पेट-ट्रॉम्बोनचं वाद्यवृंद संगीत) वाजवून इंग्रजी केंद्रांना मागे टाकत पहिल्या नंबरावर गेलं. फक्त ते ९७.९ एफएमवर होतं. एएमवर दोन केंद्रांत १० किलोहर्ट्‌झचं अंतर (आपल्याकडे ९), त्यात स्वस्त संच ४-५ किलोहर्ट्‌झच्या वरचं सगळं कापतो. ट्रम्पेटची धार तिथेच मरते. बोलणं तेवढ्यात भागतं, म्हणून केडब्ल्यूकेडब्ल्यू १३३० आज खेळांचं केंद्र आहे.

मनोरा७५
आवाजाचं तुणतुणं पुरे! राउल कोर्तेझ यांनी १९४६ मध्ये सॅन अँटोनियोत केसीओआर काढलं, ते याच पट्ट्यावर. खरं दुखणं जमिनीचं. १००० किलोहर्ट्‌झला पाव तरंगलांबीचा मनोरा ७५ मीटर, भोवती पुरलेल्या १२० तांब्याच्या तारा, प्रत्येक जवळपास तेवढीच लांब. म्हणजे चार एकरांहून जास्त, तेही एकाच मनोऱ्याला. शहर वाढलं की परवान्यापेक्षा प्लॉट महाग. तारा चोरीला गेल्या की जमिनीतला रोध वाढतो आणि ट्रान्समीटरचे वॅट माती तापवण्यात जातात.

लहरी
१९४६ मध्ये एफएम संच होते किती घरांत? तुलना तरी धड करा.

सांजवेळ
दोघंही रात्र विसरलात. सूर्य मावळला की आयनांबरातला, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित पट्ट्यातला, दिवसा एएम लहरी शोषणारा डी थर विरतो, लांबची केंद्रं एकमेकांवर चढतात. म्हणून छोट्यांना शक्ती उतरवावी लागते, काहींना बंदच करावं लागतं. नाचगाण्याची वेळ नेमकी तीच. त्यावर उपाय म्हणून एफएम ट्रान्सलेटर आले, म्हणजे एएमचाच कार्यक्रम एफएमवर पुन्हा सोडणारे छोटे ट्रान्समीटर.

मनोरा७५
ट्रान्सलेटरचं कौतुक मला सांगू नका! कमाल २५० वॅट. जाहिरातीत फक्त एफएमचा आकडा, श्रोता तिकडे गेला, मूळ एएमची देखभाल थांबली. परवाना टिकावा एवढ्यापुरता मनोरा उभा. वाचवायला आणलेल्या सोयीनेच एएम रिकामं केलं.

सांजवेळ
रिकामं आधीच होत होतं. एलईडी दिवे आणि चार्जरची खरखर ट्रान्सलेटरने आणली का?

लहरी
जमिनीचं मान्य, नाइलाजाने. पण २०२० पासून पूर्ण डिजिटल एएमला परवानगी आहे. आवाज स्वच्छ, खरखर नाही. ते का करत नाहीत?

मनोरा७५
कारण जुन्या संचावर ते फक्त फसफसतं. शेतात, गॅरेजात, स्वयंपाकघरात जो साधा संच घेऊन एएम ऐकतो, तोच पहिल्या दिवशी तुटतो.