कुंडीतली चिलटं: उपाय, प्रमाणं आणि फसलेले प्रयोग

गच्चीवाली
आज सकाळी चहात एक चिलट तरंगताना दिसलं आणि दर पावसाळ्यातला तो सगळा खटाटोप आठवला. म्हणून धागाच काढला. ज्याला जे जमलंय, जे फसलंय ते प्रमाणासकट लिहा. "थोडं कडुनिंबाचं तेल घाला" असलं नको. किती मिली, किती पाण्यात, किती दिवसांनी ते सांगा.

सुरुवात मी करते. कुंडी हलवली की भुर्रकन उठतं आणि फिरून मातीवरच बसतं, ते हे. काळपट, २ ते ४ मिमी, पाय डासासारखे लांब. चावत नाही. उडणारं आठवड्या-दहा दिवसांत आपोआप मरतं, त्याच्यामागे टाळ्या वाजवत फिरू नका. नासधूस अळ्या करतात. पारदर्शक पांढरट अंग, डोकं तेवढं काळं चकचकीत, लांबी जेमतेम ५-६ मिमी. वरच्या दोन-तीन इंच मातीत राहतात, बुरशी-शेवाळ-कुजका पाला खातात आणि ते कमी पडलं की केसमुळांवर येतात.

२४-२५ अंशांना अंड्यापासून चिलट व्हायला साधारण तीन आठवडे. एक मादी शे-दोनशे अंडी घालते. म्हणजे कुठल्याही दिवशी मातीत अंडी, अळ्या, कोष सगळं एकदम असतं. एकदा औषध ओतून "काही उपयोग नाही" म्हणणाऱ्यांनी हे आधी वाचा. उपाय कुठलाही घ्या, चार आठवडे नेटाने करा.

कुंडलिक
आधी कुठली कुंडी पिकलीय ते शोधा. वीसच्या वीस कुंड्यांना औषध कशाला? कच्च्या बटाट्याची बोटभर जाडीची चकती कापायची, मातीत किंचित दाबून ठेवायची, तिसऱ्या-चौथ्या दिवशी उलटी करून बघायची. अळ्या असतील तर चकतीला चिकटलेल्या दिसतात. चष्मा लावून बघा, नुसती माती चिकटलीय वाटते. मग चकती फेका आणि नवी ठेवा, तेवढ्याच अळ्या कमी. तशीच सडत ठेवली तर झुरळांची जत्रा.

मीठभाकर
आमच्याकडे केळ्यांवर घोंघावतात त्याच का या? वाटीत व्हिनेगर ठेवलं, ढिगाने पडल्या

कुंडलिक
@मीठभाकर नाही. केळ्यावरची जरा गोलमटोल, तांबूस, लाल डोळ्यांची. तिला आंबलेलं लागतं म्हणून ती व्हिनेगरला येते. कुंडीवाली तिथे चुकून पडते, शत्रू वेगळाच. आणि बाथरूमच्या भिंतीवर बसलेलं, केसाळ, पतंगासारखे पंख मिटून असतं ते तिसरंच. ते मोरीच्या गाळात वाढतं, त्याला जाळीखालचा गाळ ब्रशने खरवडून काढावा लागतो. तिन्हींना आपण चिलटंच म्हणतो ही खरी पंचाईत.

शब्दखुळा
चिलट म्हणजे केळ्यावरचं. कुंडीतल्याला घुंगुरटं म्हणा.

गच्चीवाली
@शब्दखुळा तुम्ही आलात म्हणजे धागा भरकटणार :) घुंगुरटं तर घुंगुरटं. उपाय सांगा.

शब्दखुळा
उपाय माहीत नाही, शब्द माहीत आहे.

परसबाग_पुणे
पिवळे चिकट सापळे. बाजारातला एक मोठा कार्ड कापून चार करा. बहुतेक जण ते काठीला लावून झाडाच्या शेंड्याशी टांगतात, ते पांढऱ्या माशीसाठी ठीक. ही घुंगुरटी खालून खालून उडतात, म्हणून कार्ड मातीपासून इंचभर वर आणि आडवं ठेवायचं. घरगुती करायचं तर पिवळी कार्डशीट प्लास्टिकच्या पिशवीत घालून वरून एरंडेल चोपडायचं. खोबरेल लावू नका, ओघळून जातं. धूळ बसली की पुसून परत लावा.

पण सापळा म्हणजे मोजदाद. आठवड्याला किती चिकटली ते कार्डावरच पेनने लिहा. आकडा उतरत नसेल तर मातीतलं काहीतरी चुकतंय.

तुळशीवृंदावन
दूध गॅसवर आहे, पटकन लिहिते. तुळशीला रोज तांब्याभर पाणी घालणं बंद करा!! पावसाळ्यात हवाच दमट, पाणी उडत नाही. पूजेपुरतं पळीभर पुरे, बाकी मातीला विचारून. आणि कुंडीत दूध, नैवेद्याचा शितकण, निर्माल्य काही नको

तुळशीवृंदावन
उतू गेलं.

सालपट
वरच्या ताईंना अनुमोदन. दहातल्या आठ कुंड्यांत मूळ कारण हेच: चहाचा चोथा, तांदळाचं धुवण, डाळीचं पाणी, केळीच्या सालींचं पाणी, मोहरीच्या पेंडीचं आंबवण. सगळं "खत" म्हणून मातीच्या वर पडतं. त्यावर बुरशी धरते आणि ती बुरशी म्हणजे अळ्यांचं पंचपक्वान्न. चोथा घालायचाच तर धुऊन, कडक वाळवून, मातीत चार इंच खाली. साखर-दुधाच्या चहाचा चोथा तर मुळीच नको. निंबोळी पेंडसुद्धा वर भुरभुरून ओली ठेवली तर पांढरी बुरशी येते आणि औषधच रोग होऊन बसतं. आठ इंची कुंडीला एक मोठा चमचा, मातीत कालवून, बास.

गच्चीवाली
@सालपट पेंडीचं हे शंभर टक्के. लोक मूठभर टाकतात आणि वर पाणी शिंपडतात.

रसायन_नको_रे
तेलाचं प्रमाण विचारलंत ना, घ्या. घाण्याचं कडुनिंबाचं तेल ५ मिली, भांडी घासायचं लिक्विड १ ते २ मिली, कोमट पाणी १ लिटर. आधी पाण्यात साबण, मग तेल बारीक धारेने ढवळत. उलटं केलंत तर तेल वर तरंगतं आणि शेवटच्या कुंडीला सगळं तेल एकदम जाऊन तिची मुळं गुदमरतात. दुधाळ दिसलं पाहिजे. केलेलं त्याच दिवशी संपवा. संध्याकाळी मातीत ओता, वरची तीन इंच भिजेपर्यंत. दर सात दिवसांनी, चार वेळा. यातलं अझाडिरॅक्टिन अळीला लगेच मारत नाही, तिची कात टाकण्याची प्रक्रिया बिघडवतं. त्यामुळे पहिल्या आठवड्यात फरक दिसत नाही आणि लोक तिथेच सोडून देतात.

मीठभाकर
हायड्रोजन पेरॉक्साइड कुणी वापरलंय का? व्हिडिओत एकास चार सांगतात

औषधी_काकू
@मीठभाकर थांबा! एकास चार हे ३ टक्केवाल्याचं. आपल्याकडे मेडिकलमध्ये बहुधा ६ टक्केवालं, म्हणजे बाटलीवर '२० व्हॉल्यूम' लिहिलेलं मिळतं. ते एकास नऊ करायचं. १०० मिलीत ९०० मिली पाणी. दोन्हीकडे शेवटी ०.६ टक्केच होतं. बाटली वाचल्याशिवाय हात लावू नका.

माती वरून सुकलेली असताना ओता. फसफसतं, म्हणजे चालू आहे. अंगाला लागलेली अळी मरते, पण तासाभरात त्याचं पाणी आणि ऑक्सिजन होऊन जातं, मागे काही राहत नाही. अंडी वाचतात. म्हणून सात-आठ दिवसांनी परत. चांगले जिवाणूही मरतात, तेव्हा गांडूळखतावर पोसलेल्या कुंडीत मी हे शेवटचा उपाय म्हणूनच सांगेन. ताज्या फुटव्याला आणि बियांच्या ट्रेला नको.

बीटीवाला
सगळ्यात नेमका उपाय बीटीआय. पूर्ण नाव बॅसिलस थुरिंजिएन्सिस इस्रायलेन्सिस. डासांच्या अळ्यांसाठी वापरतात तोच जिवाणू. इथे हमखास घोळ होतो: कृषी सेवा केंद्रात नुसतं "बीटी द्या" म्हटलं की हातात कुर्स्टाकी येतं, म्हणजे बीटीचाच दुसरा प्रकार. ते पानं खाणाऱ्या अळ्यांचं, म्हणजे फुलपाखरं-पतंगांच्या पिल्लांचं. माशीवर्गातल्या अळीला त्याने काही होत नाही. डब्यावरचा शेवटचा शब्द बघूनच पैसे द्या.

हे पोटातून काम करतं, अळीने खाल्लं तरच. म्हणून कोषावर आणि उडणाऱ्यावर शून्य परिणाम. मातीत फार दिवस टिकत नाही, दर ५-७ दिवसांनी, कमीत कमी तीनदा. मात्रा लेबलवरची घ्या, कंपनीगणिक ताकद वेगळी असते. आणि पेरॉक्साइडबरोबर एकाच दिवशी नको, पेरॉक्साइड तुमचे विकतचे जिवाणू मारून टाकेल. मध्ये तीन-चार दिवस जाऊ द्या.

म्युनिकर
इकडे हा हिवाळ्याचा प्रकार. खिडक्या बंद, हीटर चालू, दुकानातून आणलेली कुंडी पीटच्या मातीत. जर्मन नाव ट्राउअरम्युके, म्हणजे सुतकातलं चिलट, काळ्या रंगामुळे :)

इथे सर्रास सूत्रकृमी वापरतात, म्हणजे मातीतल्या अळ्या मारणारे डोळ्यांना न दिसणारे जंत, स्टाइनरनेमा फेल्टी. पाकीट फ्रिजमध्ये ठेवायचं (फ्रीझरमध्ये नाही), मुदतीच्या आत वापरायचं, पाण्यात कालवून सतत ढवळत घालायचं कारण तळाशी बसतात. झारीची बारीक जाळी काढून टाका. माती १० ते २५ अंशांच्या आसपास हवी, आणि पुढचे दोन आठवडे ओलसर. म्हणजे "माती सुकवा" आणि "सूत्रकृमी घाला" हे एकत्र चालत नाही, सुकलं की तेही मेले. एक काय ते ठरवा. नागपूरच्या मे महिन्यात यावर पैसे घालू नका.

शब्दखुळा
सुतकातलं चिलट! वा.

वाळूचोर
वर वाळूचा अर्धा इंच थर. झालं काम.

परसबाग_पुणे
@वाळूचोर अर्धंच झालं. बारीक वाळू खालचा ओलावा धरून ठेवते, वरून कोरडं दिसतं म्हणून फसायला होतं. घ्यायची तर जाडी, चाळून धुतलेली. आणि कुंडीच्या बुडाची भोकं विसरलात. वरचं दार बंद झालं की मादी खालून आत शिरते. भोकांना आतून नायलॉनची बारीक जाळी लावा, खालची ताटली कोरडी ठेवा. बाहेरची शोभेची कुंडी असेल तर आतली उचलून बघा, तळाशी दोन बोटं पाणी साचलेलं असतं. सगळं त्या डबक्यामुळे.

वाळूचोर
मान्य. ताटली कोणी बघत नाही.

गच्चीवाली
पाण्याचं राहिलंच. अगरबत्तीची जळून उरलेली काडी धुऊन दोन इंच खोचा, पाच मिनिटांनी काढा. ओलसर, माती चिकटलेली आली तर पाणी नाही. स्नेक प्लांट, अडेनियम, झीझी खुशाल पूर्ण सुकू द्या. पीस लिलीची पानं पडली की मग द्या, तासा-दोन तासांत उभी राहते. पाणी खालून द्यायचं तर टबात एक तृतीयांश उंचीपर्यंत पाणी, १५-२० मिनिटं कुंडी बुडवायची आणि निथळून घ्यायची. वरचे दोन इंच कोरडे राहतात, अंडी घालायला जागा नाही. महिन्यातून एकदा मात्र वरून भरपूर पाणी, नाहीतर क्षार वर येऊन पांढरी पुटं धरतात.

बियाणे_बाई
मिरची-टोमॅटोच्या ट्रेचं काय करायचं? ती सुकवता येत नाहीत, आणि कोवळ्या मुळाला चार अळ्या पुरतात. वर रोप एका रात्रीत मान टाकतं.

सालपट
@बियाणे_बाई तिथे माती भरायच्या आधीच काम करायचं. कोकोपीटची (नारळाच्या काथ्याच्या भुशाची) वीट बादलीत, वरून उकळतं पाणी, झाकण, थंड होईपर्यंत तसंच. मग मुठीत दाबून पिळा, एक-दोन थेंब सुटले पाहिजेत, धार नको. जुनी माती वापरायची असेल तर एप्रिल-मेमध्ये ओली करून पारदर्शक प्लास्टिकखाली उन्हात ४ ते ६ आठवडे. काळं प्लास्टिक नको, त्याखाली माती तेवढी तापत नाही. आणि तोंड उघडं टाकलेली गांडूळखताची ओली गोणी गॅलरीतून हलवा. तुम्ही कुंड्या धूत बसता आणि कारखाना कोपऱ्यात चालू असतो.

अळिंबीराव
धिंगरी मशरूमच्या पिशव्या घरात लावणाऱ्यांना तर हेच घुंगुरटं पहिलं भेटतं. तिथे कुठलंच औषध मारायचं नाही, दाराखिडक्यांना बारीक जाळी आणि पिवळ्या बल्बखाली चिकट कागद एवढंच. ज्यांच्याकडे कुंड्या आणि धिंगरी एकाच खोलीत त्यांना फक्त शुभेच्छा.

मीठभाकर
धिंगरीची पिशवी केवढ्याला मिळते?

अळिंबीराव
@मीठभाकर त्याचा वेगळा धागा काढू. पण पेंढा नीट उकळवा, अर्धा तास तरी.

औषधी_काकू
एक राहिलं. कढीपत्ता, पुदिना, कोथिंबिरीच्या कुंडीत इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक ओतायला कोणी सांगितलं तर ऐकू नका. ते मुळातून पानात चढतं आणि पान तुमच्या फोडणीत. रॉकेल, फिनेल, डेटॉल यांचंही तेच, घुंगुरट्याच्या आधी झाड मरतं. दालचिनीची पूड वरच्या बुरशीवर थोडीफार चालते, अळीला काही होत नाही. त्या भावात बिर्याणी करा.

तुळशीवृंदावन
गॅस पुसून आले. कढीपत्त्यावरून आठवलं, कोणाकडे गावठी कढीपत्त्याचं रोप आहे का? मुळाशी फुटलेलं पिल्लू चालेल

परसबाग_पुणे
@तुळशीवृंदावन दोन आहेत. माती झटकून, मुळं धुऊन देतो, चिलटं तुमची तुम्ही आणा.