मदत हवी आहे: निराधार योजनेचे अनुदान थांबले, 'लाडकी बहीण'चा अर्ज आता घेत नाहीत, मार्ग कोणता?

नमस्कार. हा प्रश्न माझ्या धाकट्या मावशीविषयी आहे. ती ५२ वर्षांची असून नागपुरात टिमकी भागात भाड्याच्या दोन खोल्यांत मुलगा आणि बारावीतील मुलगी यांच्यासह राहते. काका गेल्यानंतर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून एकदाच मिळणारे २०,००० रुपये तिला मिळाले होते आणि पुढे संजय गांधी निराधार अनुदान योजनेत विधवा म्हणून तिचे नाव लागले. या योजनेचे दरमहा १,५०० रुपये आणि साड्यांना फॉल-पिको करून सुटणारे थोडेफार पैसे, यांवर घर चालत होते.

गेल्या वर्षी मुलगा हिंगणा एमआयडीसीतील एका कारखान्यात ठेकेदारामार्फत लागला. पगार ११,००० रुपये. त्यातही काम नसेल त्या दिवसाचे पैसे कापले जातात. उत्पन्नाचा नवा दाखला काढताना त्याची पगारपावती जोडावी लागली आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न १,३२,००० रुपये झाले. निराधार योजनेची मर्यादा वर्षाला २१,००० रुपये आहे, म्हणजे महिन्याला १,७५०. (२१,००० रुपयांत नागपुरात वर्ष काढणारे कुटुंब मी तरी पाहिलेले नाही. दाखल्यावर तो आकडा कसा येतो, हे देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला दोघांनाही ठाऊक असते; आमच्या बाबतीत यंदा फक्त पगारपावती मध्ये आली.) अनुदान थांबले. तिच्या पासबुकात शेवटची १,५०० रुपयांची नोंद आहे आणि त्याखाली तिने पेन्सिलीने पुढच्या तीन महिन्यांची नावे लिहून समोरची जागा कोरी ठेवली आहे.

मर्यादेपलीकडे गेलेल्या घराचे अनुदान बंद होणार, हे मला समजते आणि त्याविषयी वाद घालायचा नाही. खरी अडचण पुढेच आहे. मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेत कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये आहे आणि वयोमर्यादा २१ ते ६५ वर्षे, त्यामुळे आजच्या स्थितीत मावशी तिथे पूर्णपणे बसते. मात्र २०२४ मध्ये अर्ज भरले जात होते, तेव्हा तिला दुसऱ्या शासकीय योजनेतून १,५०० रुपये मिळत असल्यामुळे ती अपात्र होती. अंगणवाडी सेविकेने तिला तसे स्पष्ट सांगितले आणि तिनेही नियम पाळून अर्ज केला नाही. १५ ऑक्टोबर २०२४ रोजी नोंदणीची मुदत संपली. आता त्याच रकमेसाठी ती पात्र आहे, पण अर्ज घ्यायला कोणी तयार नाही. आम्ही दोन ठिकाणी विचारले. एका खिडकीवर 'पोर्टल बंद आहे' एवढेच उत्तर मिळाले आणि दुसरीकडे पुन्हा पहिल्याच खिडकीवर जाण्यास सांगण्यात आले.

दुसरी काळजी शिधापत्रिकेची आहे. सध्या प्राधान्य कुटुंब म्हणून माणशी ५ किलो याप्रमाणे तिघांचे १५ किलो धान्य मोफत मिळते. शहरी भागात त्यासाठी उत्पन्नाची मर्यादा ५९,००० रुपये आहे आणि केशरी कार्डाचीही एक लाखापर्यंतच. नवा दाखला तिथे पोहोचला की धान्यही जाईल. मुलाची नोकरी ठेकेदाराच्या मर्जीवर, ती उद्या सुटली तर ना पगार, ना अनुदान, ना धान्य. म्हणूनच तो परवा आईला म्हणाला, 'मी काम सोडतो, निदान तुझे चालू राहील.' मी त्याला गप्प केले, पण हिशेब मांडून दाखवायला माझ्याकडे काही नव्हते.

जाणकारांना माझे प्रश्न असे आहेत. निराधार योजनेतून नाव कमी झाल्याचा लेखी आदेश मिळवला, तर त्याच्या आधारे लाडकी बहीण योजनेत कोणाला नंतर सामावून घेतल्याचा अनुभव आहे का, आणि असा विनंती अर्ज महिला व बालविकास विभागाकडे करावा की जिल्हाधिकाऱ्यांकडे? आम्हाला आजवर बंदचा कोणताही कागद मिळालेला नाही. तो माहितीच्या अधिकारात मागावा की आधी लोकसेवा हक्क कायद्याखाली काही करता येते? मुलाचे नाव वेगळ्या शिधापत्रिकेवर नेण्याचा सल्ला एका ओळखीच्या गृहस्थांनी दिला, परंतु चूल एकच असताना तसे करणे मला खोटेपणाचे वाटते, शिवाय चौकशीत ते उघड झाले तर मागील धान्याची वसुली लागेल अशी भीती आहे. ही भीती खरी आहे का? आणि ठेकेदाराकडचा पगार अनियमित असताना बारा महिन्यांचा पूर्ण पगार धरण्याऐवजी बँक खात्यात प्रत्यक्ष जमा झालेल्या रकमेवरून दाखला दुरुस्त करून मिळतो का?

मावशीचे आधार बँक खात्याशी जोडलेले आहे, यंदाचा हयातीचा दाखला वेळेत दिलेला आहे, शिधापत्रिकेवरील तिघांचेही ई-केवायसी पूर्ण आहे आणि काकांच्या मृत्यूचा दाखला हाताशी आहे. स्वतः अशा प्रकरणातून गेलेल्यांनी, विशेषतः नागपूर शहरातील, कोणता कागद आधी दिला तेवढे सांगितले तरी पुरेसे होईल. मला शनिवारी सुट्टी असते पण कार्यालये त्या दिवशी बंद असतात, त्यामुळे रजा एकदाच टाकून नेमक्या ठिकाणी जाता यावे, एवढीच अपेक्षा आहे.