'डीएनए बारकोडिंग'ला मराठीत काय म्हणाल?

खरवस: एका काष्ठौषधीवाल्यांचं माहितीपत्रक मराठीत करतेय. 'अशोकाच्या सालीची जाती डीएनए बारकोडिंगने तपासली आहे' असं वाक्य आहे. मी 'जनुकीय ठसे' लिहिलं. तपासनिसांनी लाल शाईने खोडून शेजारी नुसतं 'चूक' लिहिलं. काय लिहू?

अनुस्वार: चूकच आहे. ठशांवरून नेमकी व्यक्ती ओळखतात, बारकोडवरून, म्हणजे डीएनएच्या एका ठरावीक छोट्या तुकड्यावरून, जाती. कॅनडाचे जीवशास्त्रज्ञ पॉल हेबर्ट यांनी 2003 मध्ये हे नाव दुकानातल्या मालावरच्या पट्ट्यांवरूनच घेतलं. 'जातिसंकेत' लिहा.

पाटावरवंटा: जातिसंकेत! औषध विकायचंय की दाखला काढायचाय? आमच्या वाण्याचा पोऱ्यासुद्धा 'बारकोट मारतो' म्हणतो. बाकी तपासायचंय काय त्यात? आमच्या सोसायटीच्या भिंतीला रांगेने अशोकच आहेत.

डोंगरवाट: तो आसुपालव हो! त्याचीच साल अशोकाची म्हणून खपवतात. खरा तो सीतेचा अशोक, थेट फांद्या-खोडावर केशरी गुच्छ येतात. पण साल वाळवून कुटली की भलेभले फसतात. मग हरितलवकातल्या आरबीसीएल आणि मॅट-के या जनुकांचे तुकडे वाचतात. 2009 पासून वनस्पतींसाठी हीच जोडी धरलीय, औषधींना जोडीला आयटीएस-2 हा आणखी एक डीएनएचा तुकडा. अर्थात काढा उकळला की डीएनएचा पार चुरा होतो, तिथे या बारकोडचं फारसं चालत नाही.

अनुस्वार: आसुपालव म्हणजे आसवं ढाळणारा पालव. अ-शोकाच्या बरोब्बर उलट!

डोंगरवाट: छान जुळवलंत. गुजरातीत आसोपालव म्हणतात. मला तर तो अशोकपल्लवच वाटतो.

टिपूर: दरवेळी भेसळच असते असं नाही. माझी आजी न्हाणीच्या सांडपाण्यावर वाढलेल्या गोल पानांच्या वेलीला ब्राह्मी म्हणायची, तेलात तीच घालायची. वैद्य तिला मंडूकपर्णी म्हणतात. केरळात शंखपुष्पी म्हणून गोकर्ण वापरतात. यांना आयुर्वेदवाल्यांचा 'संदिग्ध द्रव्य' असा शब्दच आहे. बारकोड लॅटिन नाव सांगेल. ग्रंथातली शंखपुष्पी यातली कुठली, ते कसं सांगणार?

पाटावरवंटा: म्हणजे आजी बरोबर?

अनुस्वार: नाही. प्रमाण नाव एकच हवं.

टिपूर: आजीच्या तेलाने केस वाढले होते, एवढं मी शपथेवर सांगते.

खरवस: तूर्त 'डीएनए बारकोड' ठेवलंय. तपासनिसांनी आता 'साल'खाली लाल रेघ ओढलीय. वाचणाऱ्याला वर्ष वाटेल म्हणे.